शाळेच्या ऑफिसात नव्याने रुजू होताना: इंदूरच्या शाळांसाठी कामाची माहिती

एप्रिल ते जुलै या काळात शाळेच्या ऑफिसात रुजू झालात, तर पहिल्याच दिवशी खिडकीपाशी रांग दिसेल. एकाला टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) हवी असते, एकीला बोनाफाईड (मूल शाळेत शिकत असल्याचा दाखला). कुणाचा समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा कुटुंब आणि सदस्य ओळख क्रमांक) पोर्टलवर जुळत नसतो. त्यातच संकुलातून (आसपासच्या शाळांच्या समूह-केंद्रातून) फोन येतो की अमुक माहिती दुपारी तीनपर्यंत पाठवा. ही कामं वेगवेगळी वाटतात, पण त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे: स्कॉलर रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. टीसी हा त्याचा उतारा, बोनाफाईड हाही उताराच. बोर्डाचं नामांकन (विद्यार्थ्यांची बोर्डाकडे नोंदणी), युडायस (देशभरच्या शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल), शिष्यवृत्तीची यादी हे सगळं त्यावरूनच उतरवलं जातं. तिथे एक अक्षर चुकलं की पुढे दहा ठिकाणी चुकतं, आणि दहावीच्या मार्कशीटवर छापलं गेलं की दुरुस्तीला वर्ष-वर्ष जातं. म्हणून या लेखात जास्त जागा रजिस्टरालाच दिली आहे. फायलींना कोणत्या रंगाचं लेबल लावायचं हे तुमचं तुम्हाला सुचेल.

पहिला आठवडा

आल्याआल्या काही लिहायला घेऊ नका. आधीच्या माणसाकडून चार्ज घ्या, आणि तोही कागदावर. स्कॉलर रजिस्टर, टीसी बुक, आवक-जावक, फीच्या पावत्यांची बुकं, कॅशबुक, स्टॉक रजिस्टर आणि कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तिका समोर मांडून प्रत्येकातला शेवटचा नंबर आणि तारीख एका कागदावर उतरवा. शेवटचा स्कॉलर नंबर अमुक, शेवटची टीसी अमुक, शेवटची पावती अमुक, हातातली रोकड इतकी. कोऱ्या टीसी आणि कोरी पावती बुकंही मोजा. खाली देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि मुख्याध्यापकांची सही हवी. हे राहून गेलं, तर सहा महिन्यांनी एखादं पावती बुक सापडलं नाही की विचारणा तुम्हालाच होणार.

दुसरा कागद टेबलाच्या खणात आतून चिकटवून ठेवण्याचा. त्यावर शाळेचा ११ आकडी युडायस कोड (मध्य प्रदेशातला कोड २३ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने), बोर्डाचा शाळा क्रमांक, मान्यतेचा क्रमांक आणि ती कधी संपते, बँक खाते आणि आयएफएससी, पॅन आणि टॅन एवढं लिहा. दिवसातून चार वेळा तरी यातलं काही ना काही विचारलं जातं.

कुठला कागद कुठे जातो हेही याच आठवड्यात समजून घ्या. खासगी शाळांचे पहिली ते आठवीचे आणि आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) कागद बहुतेक करून जनशिक्षा केंद्र, बीआरसी (विकासखंडाचं स्रोत केंद्र) आणि जिल्हा शिक्षा केंद्र या वाटेने जातात. नववी ते बारावीचे कागद जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसकडे जातात. शासकीय शाळेत मध्ये संकुल प्राचार्य असतात. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज कुणी मुद्दाम परत पाठवत नाही, तो तिथेच पडून राहतो.

स्कॉलर रजिस्टर

एका मुलाला एक ओळ आणि एक नंबर. रकाने शाळेगणिक थोडे मागेपुढे असतात, पण एवढे हवेतच: स्कॉलर नंबर, प्रवेशाची तारीख आणि वर्ग, मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, जन्मस्थळ, प्रवर्ग आणि जात, पत्ता, आधीची शाळा आणि तिच्या टीसीचा क्रमांक. नंतर भरायचे रकाने म्हणजे शाळा सोडल्याची तारीख, वर्ग, कारण आणि दिलेल्या टीसीचा क्रमांक. समग्र आयडी आणि पेन नंबर (युडायसमधला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) यांना जुन्या छापील रजिस्टरात रकाना नसतो. उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्याचे पट्टीने दोन भाग करा आणि सगळ्या पानांवर ते एकाच जागी ठेवा.

नंबर क्रमाने चालतात आणि एकाचा नंबर दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही, मुलाने दुसऱ्याच दिवशी प्रवेश रद्द केला तरीही. शाळा सोडून गेलेलं मूल दोन वर्षांनी परत आलं तर काय करायचं, हा नव्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न. सीबीएसईच्या परीक्षा नियमांनुसार अशा मुलाला त्याचा मूळचाच नंबर पुन्हा मिळतो. शेऱ्यात पुनःप्रवेशाची तारीख लिहायची. इतर शाळांत जी पद्धत आधीपासून चालू आहे तीच पाळा. वर्षाच्या मध्ये पद्धत बदलली की रजिस्टर आणि पोर्टल यांची फारकत होते.

आता एक नोंद जवळून पाहू. समजा, पुण्याहून बदली होऊन आलेलं कुटुंब राजेंद्र नगरात राहायला आलं आहे आणि मुलीला सहावीत घालायचं आहे. आधारवर नाव ‘ज्ञानदा प्रशांत मुळे’ असं आहे, महाराष्ट्रातल्या दाखल्यावर आडनाव आधी म्हणजे ‘मुळे ज्ञानदा प्रशांत’, आणि जन्मदाखल्यावर नुसतं ‘ज्ञानदा’. इथल्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असल्याने मधलं नाव कुठे घालायचं हा पहिला घोळ. दुसरा घोळ इंग्रजी स्पेलिंगचा. महाराष्ट्रात ‘ज्ञ’ साठी डी-एन-वाय लिहितात, इथला ऑपरेटर कानाने ऐकून जी-वाय टाइप करतो. तिसरा ‘ळ’ चा. हिंदीत टाइप करणारा ‘मुळे’चं ‘मुले’ करून मोकळा होतो, काळेंचे ‘काले’ होतात. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत जिथे जिथे मराठी घरं आहेत, तिथल्या शाळांत ही अडचण दर वर्षी येते, आणि पालकांनाही ती बहुधा बोर्डाचा फॉर्म भरतानाच कळते.

इथे क्रम असा ठेवा.

१. मूल दुसरीच्या किंवा त्यापुढच्या वर्गात येत असेल, तर नाव आणि जन्मतारीख आधीच्या मान्यताप्राप्त शाळेच्या टीसीवर आहे तशीच घ्यायची. जन्मदाखला आणि आधार ताडून पाहायला. टीसीवर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरी तारीख असेल, तर दुरुस्ती आधीच्या शाळेकडूनच करून आणायला सांगा. तुम्ही आपल्या मनाने ‘खरी’ तारीख लिहिलीत, तर उद्या तुमची टीसी आणि त्यांची टीसी एकमेकींना खोटं पाडतील.

२. नर्सरी ते पहिलीच्या नव्या प्रवेशाला जन्मदाखला मागा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा तोच एक पुरावा कायद्याने धरला जातो. मात्र वयाचा कागद नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. प्रवेश द्या, कागदाची मुदत पालकांकडून लिहून घ्या.

३. नाव कोऱ्या कागदावर पालकांकडूनच लिहून घ्या, देवनागरीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, खाली सही. हा कागद मुलाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावायचा. पुढची सगळी टायपिंग यावरूनच, ऐकीव नावावरून नाही.

४. आधार आणि टीसी यांत फरक असेल, तर आधार टीसीप्रमाणे करून घ्यायला सांगा. रजिस्टर आधारप्रमाणे बदलू नका. आधारमध्ये नाव दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून पालकांना सेवा केंद्रात पाठवण्याआधी नेमकं स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर तिथे तिसरंच काही टाइप होऊन येतं आणि एक संधी वाया जाते.

५. जन्मतारीख आकड्यांत १४-०८-२०१४ आणि अक्षरांत ‘चौदा ऑगस्ट दोन हजार चौदा’. रजिस्टर हिंदीत चालत असेल तर हिंदीत, पण अक्षरांचा रकाना रिकामा नको. आकड्यातल्या १ चा ७ करणं सोपं असतं, अक्षरांत तसं करता येत नाही.

रजिस्टर काळ्या किंवा निळ्या कायमच्या शाईने लिहायचं. जेल पेन नको, पावसाळ्यात दमट हाताने पान उलटलं की जेलची शाई पसरते. चूक झाली तर व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, ब्लेडने खरवडणं तर नाहीच. चुकलेल्या शब्दावर लाल शाईची एक रेघ मारायची, पण खालचा शब्द वाचता आला पाहिजे. वर बरोबर शब्द, शेऱ्यात कारण आणि ज्या कागदावरून दुरुस्ती केली त्याचा क्रमांक, आणि मुख्याध्यापकांची तारखेसह सही. पालक ‘एवढं एक अक्षर करून द्या ना’ म्हणतात. लेखी अर्ज आणि पुरावा आल्याशिवाय पेन उचलायचं नाही. बोर्डाचा निकाल लागल्यानंतर नावाची किंवा जन्मतारखेची दुरुस्ती शाळेच्या अखत्यारीतच राहत नाही.

प्रवेशाचा दिवस आणि समग्र

मध्य प्रदेशात प्रवेशाच्या फॉर्मवर समग्र आयडी लागतो. बाहेरून आलेल्या पालकांना तो काय असतो हे ठाऊक नसतं, आणि इथल्या निम्म्या पालकांना दोन आकड्यांतला फरक ठाऊक नसतो. कुटुंबाचा आयडी ८ आकडी, सदस्याचा ९ आकडी. मुलासाठी हवा असतो ९ आकडी. फॉर्मवर चौकोन छापून घेतानाच नऊ चौकोन छापा. आठ भरले गेले की चूक जागच्या जागी दिसते.

महाराष्ट्रातून किंवा गुजरातेतून आलेल्या कुटुंबाला समग्र नव्याने काढावं लागतं. शहरात हे काम नगर निगमाच्या झोन कार्यालयातून होतं. आईचं समग्र माहेरच्या कुटुंबात आणि वडिलांचं दुसऱ्या कुटुंबात असेल, तर मुलाचं नाव भलत्याच कुटुंबात जोडलं जातं. हे आधी विचारून घ्या. समग्र आधारशी जोडलेलं नसेल तर शिष्यवृत्तीच्या वेळी नाव अडकतं, म्हणून ई-केवायसी झाली आहे का हे प्रवेशाच्या वेळीच पाहायचं. जुलैत निवांत होईल म्हटलं तर ते नोव्हेंबरपर्यंत राहतं.

आरटीईच्या २५ टक्के जागांवरची मुलं लॉटरीच्या यादीतून येतात. त्यांचे कागद वेगळ्या फाइलमध्ये, पण स्कॉलर रजिस्टरात ओळ सगळ्यांसारखीच, क्रमाने. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर करणाऱ्या शाळा आहेत. तसं करू नका, तपासणीत हमखास प्रश्न येतो. या मुलांच्या फीची रक्कम शासनाकडून मिळते. त्यासाठी आधार पडताळणी आणि हजेरी पोर्टलवर जुळावी लागते, त्यामुळे त्यांच्या हजेरीपत्रकावर दर महिन्याला एक नजर टाका.

युडायस, पेन आणि अपार

युडायस प्लसमध्ये तीन भाग असतात: शाळेची माहिती, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची. तुमचा बहुतेक वेळ तिसऱ्यात जाईल. प्रत्येक मुलाला ११ आकडी पेन नंबर असतो, तो देशभर एकच राहतो आणि शाळा बदलली तरी बदलत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या मुलाची नवी एंट्री कधीही करायची नाही. आधीच्या शाळेने त्याला ‘शाळा सोडली’ असं दाखवलं की ते ड्रॉपबॉक्समध्ये (पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) जातं, आणि मग पेन आणि जन्मतारीख टाकून तुम्ही ते आपल्याकडे ओढून घ्यायचं. घाईत नवी एंट्री केली, तर एकाच मुलाचे दोन पेन होतात आणि ते निस्तरायला बीआरसीच्या चकरा घालाव्या लागतात.

आधीची शाळा मूल सोडत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. फोनवर दहा वेळा सांगण्यापेक्षा टीसीचा फोटो, पेन आणि तुमचा युडायस कोड जोडून एक छोटं पत्र मेलने पाठवा. उलट बाजूने, तुमच्या शाळेतून टीसी गेली की त्याच दिवशी मुलाला पोर्टलवरून सोडा. टीसी दिली आणि पोर्टलवर मूल ठेवलं, असं झालं तर पटसंख्या फुगलेली दिसते आणि नंतर उत्तर द्यावं लागतं.

वर्ष सुरू होताना प्रत्येक मुलाला पुढच्या वर्गात सरकवायचं काम असतं. गुणांची टक्केवारी आणि हजेरीचे दिवस लागतात. वर्गशिक्षकांकडून हे एकाच एक्सेल तक्त्यात मागवा, व्हॉट्सअॅपवर फोटो नको. फोटोतल्या ३ आणि ८ मध्ये अर्धा दिवस जातो.

अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) १२ आकडी असतो आणि तो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचा नाही. संमतीपत्र फाइलमध्ये हवं. युडायसमधलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक नसेल तर अपार तयार होत नाही. ज्ञानदाची गोष्ट इथे पुन्हा डोकं वर काढते.

टीसी

ऑफिसचा सगळ्यात नाजूक कागद. आठवीपर्यंतच्या मुलाने दुसरीकडे जायचं म्हटलं की मुख्याध्यापकांनी टीसी ताबडतोब द्यायची, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आणि टीसी आली नाही या कारणाने नव्या शाळेलाही प्रवेश अडवता येत नाही. फी थकली असेल तर ती वसुलीची वेगळी बाब. त्यावर निर्णय मुख्याध्यापकांचा, खिडकीवर बसून तुम्ही ‘मिळणार नाही’ असं कधीही म्हणू नका.

कामाचा क्रम: पालकांचा अर्ज आवकमध्ये चढवा. लायब्ररी, प्रयोगशाळा आणि बस यांचा नो-ड्यूज घ्या. स्कॉलर रजिस्टर उघडून टीसी त्यावरून भरा, मुलाच्या जुन्या फॉर्मवरून नाही. हजेरीचे एकूण दिवस आणि उपस्थिती हजेरीपत्रकावरून घ्या. ‘कोणत्या वर्गात शिकत होता’ आणि ‘कोणता वर्ग उत्तीर्ण’ हे दोन रकाने वेगळे आहेत, सर्वांत जास्त चुका इथेच होतात. भरून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी रजिस्टर मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही टीसीवर बोट ठेवून जुळवा. मग सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. स्थळप्रतीवर पालकांची सही आणि तारीख. शेवटी रजिस्टरात त्या ओळीचे उरलेले रकाने भरून टीसी क्रमांक लिहा, आणि पोर्टलवरून मूल सोडा. वाचायला लांबण आहे, हात बसला की पंधरा मिनिटांत होतं.

महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांना दोन गोष्टी आधीच सांगा. एक, बाहेरच्या राज्यात बहुतेक ठिकाणी टीसीवर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. त्यासाठी शाळेचं पत्र, मूळ टीसी, तिची झेरॉक्स आणि मान्यतेची प्रत घेऊन जावं लागतं. पुण्याला पोचल्यावर हे काम कुरियरने करणं फार जिकिरीचं, सामान ट्रकमध्ये चढण्याआधी उरकायला हवं. दोन, तिकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात, जन्मस्थळ आणि आईचं नाव असतंच, आणि पुढे जातपडताळणीत तोच दाखला काढला जातो. आपल्या टीसीच्या नमुन्यात हे रकाने नसतील, तर रजिस्टरात असलेली तेवढी माहिती मुख्याध्यापकांच्या परवानगीने वेगळ्या प्रमाणपत्रावर द्या. रजिस्टरात नसलेलं काहीही टीसीवर लिहायचं नाही, पालक कितीही ओळखीचे असोत.

हरवलेल्या टीसीसाठी अर्ज आणि शपथपत्र घ्या. नव्या प्रतीवर वर लाल शाईत ‘द्वितीय प्रत’, मूळ टीसीचा क्रमांक आणि तारीख. नवा क्रमांक टाकून दिलेली दुसरी टीसी म्हणजे एका मुलाच्या दोन खऱ्या टीसी बाजारात सोडणं.

बोनाफाईडला कारण विचारून तेच कारण त्यावर लिहा: बस पास, बँक खाते, लाडली लक्ष्मी (मुलींसाठीची राज्य शासनाची योजना). लाडली लक्ष्मीची रक्कम मुलगी सहावी, नववी, अकरावी आणि बारावीत गेली की मिळते, त्यामुळे या चार वर्गांच्या पालकांची गर्दी एकदमच होते. कारण न लिहिलेलं बोनाफाईड कुठेही वापरलं जातं.

फीची खिडकी आणि कॅशबुक

पावती बुक उघडलं की आधी पानं मोजा आणि पहिल्या पानाच्या पाठीमागे ‘अमुक ते अमुक क्रमांक, पानं पूर्ण’ असं लिहून सही घ्या. रद्द झालेली पावती फाडायची नाही. तिन्ही प्रती बुकातच ठेवून तिरकी रेघ आणि ‘रद्द’. यूपीआयने पैसे आले तर पालकांच्या मोबाइलवरचा हिरवा टिक पाहून पावती देऊ नका. १२ आकडी संदर्भ क्रमांक लिहून घ्या आणि रक्कम बँकेत दिसल्यावरच पावती द्या. गर्दीच्या दिवशी तात्पुरती चिठ्ठी देण्याचा मोह होतो. त्या चिठ्ठ्या घरी हरवतात आणि मार्चमध्ये वाद होतो.

कॅशबुकात जमेच्या आणि खर्चाच्या बाजूला रोख आणि बँक असे दोन-दोन रकाने. आज जमा झालेली रोकड उद्या बँकेत, आणि तिच्यातून परस्पर खर्च नाही. चहा, झेरॉक्स, टपाल यांसाठी वेगळी ठरावीक रक्कम उचलून तिचा हिशेब छोट्या वहीत. दिवस संपताना कॅशबुकाची शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळली की त्याखाली नोटांचा तपशील लिहा: पाचशेच्या किती, शंभरच्या किती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँक स्टेटमेंटशी जुळवणी. तीन महिने जुळवणी राहिली की फरक कुठून आला हे सापडणं कठीण.

फीवाढीबद्दल पालक तुम्हालाच विचारणार. मध्य प्रदेशात खासगी शाळांच्या फीसाठी २०१७ चा कायदा आहे आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ शाळेला आपल्या मनाने करता येत नाही. कोणत्या शाळेला कोणती सूट लागू आहे हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, तोंडी उत्तर देऊ नका. पुस्तकांची यादी नोटीस बोर्डावर लावताना अमुकच दुकानातून घ्या असं लिहायचं नाही. पालक खजूरी बाजारात जातील नाहीतर कुठेही, यादीत फक्त पुस्तकाचं नाव आणि प्रकाशक.

जानेवारीत आयकरासाठी फीचे दाखले मागायला पालक येतात. त्यात फक्त ट्यूशन फी धरायची. बस, जेवण, विकास निधी त्यात मिळवून रक्कम फुगवलेला दाखला पुढे पालकांनाच त्रास देतो.

पत्रं, आदेश आणि टायपिंग

आवक-जावक हे रजिस्टर कंटाळवाणं, पण भांडणात तेच वाचवतं. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का, क्रमांक, कोणाकडे दिला. हल्ली निम्मे आदेश व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफने येतात. तेही प्रिंट काढून आवकमध्ये चढवा. रंगपंचमी आणि अहिल्योत्सवाच्या स्थानिक सुट्ट्या, अतिवृष्टीची सुट्टी, थंडीत शाळेची बदललेली वेळ, हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने होतं. फिरत आलेला मेसेज पाहून पालकांना सुट्टी कळवू नका. जनसंपर्काच्या किंवा शिक्षण विभागाच्या अधिकृत ग्रुपवर सहीचा आदेश दिसला की मगच.

ऑफिसचा पत्रव्यवहार हिंदीत चालतो. घरी मराठी बोलणाऱ्याला हिंदी येते, पण सरकारी हिंदीचे ठरलेले शब्द वेगळे: नस्ती, प्रतिहस्ताक्षर, उपरोक्त विषयांतर्गत, सादर प्रेषित. जुन्या जावक फाइलमधली वीस पत्रं वाचून काढा, साचा डोक्यात बसतो. पत्रात विषय एकच ठेवा. दोन मागण्या एका पत्रात घातल्या तर एकीचंच उत्तर येतं.

फाँटची भानगड पहिल्या दिवशीच समजून घ्या. जुन्या फायली कृतिदेवमध्ये असतात. तो मजकूर मेलमध्ये किंवा पोर्टलवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण तो युनिकोड नाही. नवं सगळं मंगल किंवा दुसऱ्या युनिकोड फाँटमध्येच करा, आणि जुनं लागेल तेव्हा कन्व्हर्टरमधून काढून एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार यांत गडबड राहते. इनस्क्रिप्ट शिकलात तर शिफ्ट दाबून एन केला की ‘ळ’ मिळतो, म्हणजे मुळ्यांचे मुळेच राहतील. शासकीय भरतीत सहायक ग्रेड-३ साठी सीपीसीटी (संगणक आणि टायपिंगची राज्याची चाचणी) लागते. तिच्यात टायपिंगची पात्रता इंग्रजी ३० आणि हिंदी २० शब्द प्रति मिनिट आहे. खासगी शाळेत ती कुणी मागत नाही, पण त्या वेगाला पोचलात की संध्याकाळी वेळेवर घरी जाता.

खिडकीवर

मुलाला मध्येच घरी न्यायला कुणी आलं, तर गेटपासशिवाय मूल सोडायचं नाही. प्रवेशाच्या वेळी ज्यांची नावं आणि फोटो दिले आहेत तेच. ‘मी काका आहे’ एवढ्यावर नाही. नोंदीतल्या नंबरवर आपणहून फोन लावायचा, समोरच्याने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही. आईवडिलांमध्ये ताब्याचा वाद असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत फाइलमध्ये हवी, आणि तोंडी सांगण्यावरून कुणाचीही बाजू घ्यायची नाही. दहावीचे निकाल लागले की कोचिंगवाले मुलांच्या फोननंबरांची यादी मागतात, कधी मिठाईचा डबा घेऊन. यादी द्यायची नाही, डबाही परत करायचा.

शासकीय किंवा अनुदानित शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज आला, तर तो घेतल्याची तारीख घालून त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि ती अर्ज पोचल्यापासून मोजतात, तुम्ही फाइल उघडल्यापासून नाही.

जुनी रजिस्टरं

स्कॉलर रजिस्टर कायमचं जपायचं असतं. जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधत नातवंडं आजोबांच्या शाळेत येतात. जुन्या मराठी शाळांत असे अर्ज नेहमीचे. मूळ रजिस्टर कुणाच्याही हातात द्यायचं नाही. अर्ज घ्या, पान शोधा, साक्षांकित उतारा द्या, आणि कुणाला कधी दिला याची वही ठेवा. रजिस्टरं लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर लांब, खालच्या कप्प्यात नाही. वाळवी आणि ओल दोन्ही खालून चढतात. जून लागण्याआधी एकदा सगळी बाहेर काढून सावलीत हवा द्या. उन्हात ठेवलीत तर कागद ठिसूळ होतो. पानं सुटत असतील तर सेलोटेप लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो. बाइंडरकडे पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान ३०० डीपीआयने स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, पानं मोजून द्या आणि मोजून घ्या.

आणि पासवर्ड. युडायस, बोर्ड, आरटीई, बँक, पीएफ या सगळ्यांचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो हे आजच पाहा. बऱ्याच शाळांत तो नोकरी सोडून गेलेल्या बाबूंच्या नंबरवर येत असतो, आणि नामांकनाच्या शेवटच्या रात्री त्यांना फोन लावावा लागतो. शाळेच्या नावावर एक सिम घ्या, फोन ऑफिसच्या खणात ठेवा, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि एकेक पोर्टल त्या नंबरवर आणा. बँकेला यासाठी व्यवस्थापनाचा ठराव लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.